जुन्या लष्करी रायफलीची माशी सरकवण्याआधी आणि सरकवताना

पहिल्या तीन गोळ्या १०० मीटरवर मारल्या, कागदापाशी गेलात, आणि तिन्ही भोकं काळ्या वर्तुळाच्या वीतभर वर सापडली. जुनी लष्करी रायफल पहिल्यांदा रेंजवर नेणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. मग हात आपसूक हातोडीकडे जातो. त्याला तिथेच थांबवा. ती रायफल बिघडलेली नसण्याची शक्यता बरीच मोठी आहे. ती कुणा दुसऱ्यासाठी, दुसऱ्या गोळीसाठी आणि दुसऱ्या अंतरासाठी लावलेली आहे, एवढंच.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. नळीच्या टोकावर जे उभं पातं, खुंटी किंवा टोकदार दाणा असतो ती माशी. डोळ्याजवळ असते ती मागची साइट. तिच्यात कधी खाच असते, कधी भोक. दोन्ही एका रेषेत आणून निशाणावर धरणं म्हणजे शिस्त घेणं. आणि शिस्त जिथे घेतली तिथेच गोळी लागेल असं करणं म्हणजे रायफल झिरो करणं.

ती वर का मारते?

पहिल्या महायुद्धातली जर्मन गेव्हेर ९८ घ्या. टोकदार गोळीचं नवं काडतूस आल्यावर तिच्या मागच्या साइटवरचे आकडे बदलले आणि सर्वांत खालचा आकडा ४०० मीटरचा झाला. म्हणजे साइटची सरकती पट्टी पूर्ण खाली केली तरी रायफल ४०० मीटरवर झिरो. ४०० मीटरवर शिस्तीच्या रेषेत येणारी गोळी वाटेत त्या रेषेच्या वरून जाते, त्यामुळे १०० मीटरवरचा कागद ती वरच भोसकणार. रशियन मोसिन-नागांत रायफलीची १८९१ ची मूळ साइट तर मीटरमध्येसुद्धा नाही, ती अर्शिन या रशियन मापात आहे. एक अर्शिन ७१ सेंमीचा, म्हणून तिच्यावरचा ‘४’ म्हणजे ४०० अर्शिन, सुमारे २८४ मीटर. पुढच्या ९१/३० मॉडेलवर मीटर आले आणि आकडे १०० पासून सुरू झाले. ब्रिटिश ली-एनफील्ड नंबर ४ वर जी साधी, उलटवायची दोन भोकांची साइट असते तिची अंतरं ३०० आणि ६०० यार्ड, म्हणजे अंदाजे २७५ आणि ५५० मीटर.

यात कुणाची चूक नव्हती. सैनिकाला घाईत आकडे फिरवायला वेळ नसतो. समोरच्याच्या कमरपट्ट्यावर शिस्त धरायची, गोळी थोडी वर-खाली गेली तरी माणसाच्या उंचीत कुठेतरी लागते, असा तो सगळा हिशेब. तुम्हाला मात्र कागदावर भोकं एका जागी हवी आहेत. गरज बदलली की हिशेबही बदलावा लागतो, पण आधी जुना हिशेब समजलेला बरा.

माशीला हात लावण्याआधी

सगळ्यात आधी परवाना आणि जागा. तुमच्या देशाच्या कायद्यात ही रायफल कशी बसते, तिच्यावर काय बदल करता येतात, आणि गोळीबार कुठे करता येतो हे माहीत नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. गोळीबार फक्त मान्यताप्राप्त रेंजवर, निशाणामागे गोळ्या अडवणारा भक्कम बांध (बट) असलेल्या ठिकाणी. डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षण. रायफलीवर कुठलंही काम करताना मॅगझिन रिकामं, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती जागा) रिकामं, बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) बाहेर काढून बाजूला आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत. चेंबर डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून पाहा. कंटाळवाणं वाटतं, पण याला पर्याय नाही.

बोल्ट बाहेर आहेच तर नळीतून आरपार पाहून घ्या. कोठारात वर्षानुवर्षं पडून असलेल्या रायफली घट्ट ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेल्या असतात. चेंबरच्या कोपऱ्यात, बोल्टच्या आत, नळीत ते ग्रीस राहून जातं आणि नळीत अडकलेली वस्तू धोकादायक असते. नळीच्या तोंडाची कडा बोट फिरवून तपासा. तिथे खरचटा किंवा ठेच असेल तर साइट कितीही सरकवा, ग्रुप (एकाच शिस्तीवर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) पसरटच राहणार. चेंबर आणि बोल्ट यांच्यातलं अंतर बरोबर आहे का हे मात्र बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून गेज लावून बघून घ्या. जुन्या रायफलीत बोल्ट कधीतरी बदललेला असतो आणि ते नुसत्या नजरेला कळत नाही.

मग लाकूड आणि स्क्रू. बोल्ट ज्या लोखंडी भागात फिरतो तो, म्हणजे रिसीव्हर, दस्त्याला दोन मोठ्या स्क्रूंनी धरलेला असतो. ते ढिले असले की दर चार-पाच गोळ्यांनी ग्रुप जागा बदलतो आणि माणूस साइटला दोष देत बसतो. मी माझ्या पहिल्या रायफलीच्या माशीशी दोन रविवार झटापट केली होती. शेवटी पुढचा स्क्रू पाऊण आटा सैल निघाला. पुढचा आणि मागचा असे दोन्ही स्क्रू नीट बसणाऱ्या पेचकसाने घट्ट करा. पेचकसाचं पातं खाचेत सैल बसत असेल तर स्क्रूची खाच कुरतडली जाईल, तेव्हा आधी योग्य पातं शोधा.

शेवटी काडतूस. नळीवर किंवा रिसीव्हरवर काय कोरलंय ते वाचा, रायफलीच्या रूपावरून अंदाज बांधू नका. इशापूरची २ए१ दिसायला थेट .३०३ ली-एनफील्डसारखी, पण ती ७.६२ नाटो काडतुसाची आहे. नेमकं काडतूस मिळालं की मग गोळीचं वजन पाहा, कारण मागच्या साइटवरचे आकडे एकाच विशिष्ट गोळीसाठी कोरलेले असतात. मोसिनची हलकी गोळी ९.६ ग्रॅमची, जर्मन के-९८-के साठीची जड गोळी १२.८ ग्रॅमची, .३०३ मार्क ७ ची ११.३ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. तुम्ही वेगळ्या वजनाची गोळी वापरलीत तर भोक वेगळीकडे जाणारच. ज्या गोळ्या वर्षभर वापरायच्या आहेत त्यांवरच झिरो करा. आज एका पेटीतल्या आणि उद्या दुसऱ्या पेटीतल्या गोळ्यांवर झिरो करत बसलात तर हे काम संपणार नाही.

तुमची रायफल कशी सरकते ते ओळखा

जुन्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींमध्ये साधारण एकच रचना दिसते. डावी-उजवी दुरुस्ती पुढे, वर-खाली दुरुस्ती मागे. माशी एका आडव्या, खालून रुंद आणि वरून अरुंद अशा डव्हटेल खाचेत घट्ट बसवलेली असते आणि ठोकून किंवा दाबून बाजूला सरकते. मागच्या साइटवर घसरपट्टी असते, ती पुढे-मागे केली की खाच वर उचलली जाते.

मोसिन आणि माऊझर (गेव्हेर ९८ आणि के-९८-के) या जातीच्या. मोसिन ९१/३० ची माशी गोल कड्याच्या आत उभी खुंटी असते आणि कड्यासकट सगळा तुकडा खाचेत सरकतो. के-९८-के ची माशी टोकदार दाण्यासारखी; तिच्यावरचं पत्र्याचं टोपण आधी काढावं लागतं. ली-एनफील्ड नंबर ४ मध्ये माशीचं पातं ज्या ठोकळ्यात बसतं त्याला आडवा स्क्रू असतो. तो सैल केल्याशिवाय ठोकू नका, नाहीतर ठोकळ्याला विनाकारण ताण बसेल. माशीच्या दोन्ही बाजूंना कान असल्यामुळे इथे साधी हातोडी पोचतही नाही, खास दाबयंत्र लागतं.

सोव्हिएत अर्धस्वयंचलित रायफल एसकेएस वेगळी. तिची माशी आट्यांची आहे, फिरवली की वर-खाली होते. आणि ती ज्या छोट्या दंडगोलात बसते तो दंडगोल आडवा सरकतो. म्हणजे दोन्ही दुरुस्त्या पुढेच. अमेरिकन एम-१ गॅरंडमध्ये नेमकं उलट, दोन्ही दुरुस्त्या मागच्या भोकाच्या साइटवर आणि त्याही खटक्यांच्या. एक खटका म्हणजे कोनाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग), १०० मीटरवर जेमतेम ३ सेंमी. गॅरंडवाल्यांनी खटके मोजावेत आणि या लेखातला हातोडीचा भाग खुशाल सोडून द्यावा.

आधी ग्रुप, मग गणित

एका गोळीवरून काहीही ठरवू नका. तीन गोळ्या हे किमान. माझं मत विचाराल तर पाच, आणि असे दोन ग्रुप. दोन्ही ग्रुपचे मध्य एकमेकांजवळ आले तरच रायफलीबद्दल काही कळलं म्हणायचं. दोन मध्य हाताच्या अंतरावर असतील तर अजून सरकवण्यासारखं काही नाही. बदल तुमच्यात होतोय.

सुरुवात २५ मीटरपासून करा. तिथे गोळी कागदावर नक्की लागते आणि डावी-उजवी चूक स्पष्ट दिसते. ती मोठी असेल तर ढोबळ दुरुस्ती तिथेच करा, मग १०० मीटरवर जा. उंचीचा निर्णय मात्र २५ मीटरवर घेऊ नका, कारण गोळीचा बाक तिथे अजून दिसत नाही.

निशाण किती मोठं घ्यायचं? डोळ्यापासून साधारण ९० सेंमीवर असलेली २ मिमी रुंदीची माशी १०० मीटरवर २२ सेंमी झाकून टाकते. त्यामुळे नाण्याएवढा ठिपका लावलात तर तो माशीमागे गडप होईल आणि तुम्ही अंदाजाने मारत बसाल. २० ते २२ सेंमीचं काळं वर्तुळ पांढऱ्या कागदावर लावा. ते माशीच्या रुंदीएवढंच दिसतं, आणि माशीच्या वरच्या कडेवर चेंडू ठेवावा तसं ते बसवता येतं. वर्तुळाच्या बुडाशी शिस्त घ्यायची की मध्यावर, हे तुमचं तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवलं की झिरो होईपर्यंत बदलू नका.

रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवताना पुढचं लाकूड टेकवा, नळी कधीच नाही. नळी टेकवली की ती प्रत्येक गोळीला उसळते आणि ग्रुप वर चढतो. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी. आणि डोळ्याची नजर माशीवर. निशाण थोडं धूसर दिसणार, मागची खाचही धूसर दिसणार, माशीची वरची कड मात्र चाकूच्या धारेसारखी स्वच्छ दिसली पाहिजे. नवख्याचा डोळा सतत निशाणाकडे पळतो, कारण भोक तिथे पडणार असतं. त्याला ओढून माशीवर आणणं हेच अर्धं शिकणं आहे. उघड्या खाचेत माशीची वरची कड खाचेच्या खांद्यांशी समतल हवी आणि दोन्ही बाजूंना प्रकाशाची फट सारखी हवी. खाच आणि माशी दोन्ही टोकदार असतील तर फटी नीट दिसत नाहीत. तिथे दाण्याचं टोक खांद्यांच्या रेषेला आणायचं. भोकाची साइट असेल तर काम सोपं. भोकातून पाहा, भोक विसरा, डोळा आपणहून माशी मध्यात आणतो.

चाप हळूहळू ओढा. या रायफलींचा चाप बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिला सैल भाग संपतो, मग अडखळ लागते, आणि तिथून खरा दाब सुरू होतो. धक्क्याच्या भीतीने खांदा आधीच दचकतोय की काय, ही शंका असेल तर सोबत्याला मॅगझिनमध्ये अधूनमधून डमी काडतूस तुमच्या नकळत भरायला सांगा. डमीवर चाप ओढताना नळी खाली झुकली तर दोष कुणाचा ते दोघांनाही दिसेल.

स्वच्छ, तेल लावलेल्या नळीतली पहिली गोळी पुष्कळदा वेगळीकडे जाते. ती मोजू नका. नळी हाताला चटका देण्याइतकी तापली असेल तर थांबा. पातळ नळीच्या आणि पूर्ण लांबीभर लाकडात गुरफटलेल्या रायफलीत ग्रुप तापल्यावर सरकतो, आणि तापलेल्या ग्रुपवर केलेला झिरो पुढच्या सकाळी पहिल्या गोळीला खोटा ठरतो.

आता गणित

नियम एकच लक्षात ठेवा, माशी चुकीच्या मागे जाते. ग्रुप डावीकडे गेला तर माशी डावीकडे, ग्रुप वर गेला तर माशी उंच. मागची साइट याच्या अगदी उलट, ग्रुप जिकडे न्यायचा तिकडे ती सरकवायची. नवशिके इथेच हटकून फसतात, आणि मीही ठोकण्याआधी दर वेळी हे मनात म्हणूनच घेतो. पटत नसेल तर कल्पना करा. माशी डावीकडे सरकली. आता ती पुन्हा खाचेच्या मध्यात दिसायला हवी असेल तर नळीचं तोंडच उजवीकडे न्यावं लागेल. नळी उजवीकडे, गोळी उजवीकडे.

किती सरकवायचं हे समरूप त्रिकोणांचं शाळेतलं गणित आहे. कागदावरची चूक गुणिले माशी आणि मागच्या साइटमधलं अंतर, भागिले निशाणापर्यंतचं अंतर. सगळी मापं एकाच एककात, मिलिमीटरमध्ये घ्या.

मोसिन ९१/३० वर दोन साइट्समधलं अंतर सुमारे ६२२ मिमी आहे. समजा १०० मीटरवर ग्रुपचा मध्य १२ सेंमी डावीकडे आणि १८ सेंमी वर आला. १२० गुणिले ६२२, भागिले १,००,००० म्हणजे ०.७५ मिमी. एवढी माशी डावीकडे. उंचीसाठी १८० घेतले तर १.१२ मिमी, म्हणजे माशी तेवढी उंच हवी. के-९८-के वर हेच अंतर ५०० मिमी आहे, म्हणून तिथे माशी १ मिमी सरकली की १०० मीटरवर भोक २० सेंमी सरकतं. मोसिनवर १६ सेंमी. तुमच्या रायफलीचं अंतर पट्टीने स्वतः मोजा, पुस्तकातला आकडा तुमच्या हातातल्या नमुन्याचा असेलच असं नाही.

पाऊण मिलिमीटर. आकडा मुद्दाम पुन्हा लिहिला. ठोकणारा हात हमखास दोन मिलिमीटर ठोकतो, मग परत उलट ठोकतो, आणि चार फेऱ्यांनंतर खाच सैल होते.

ठोकणं

व्हर्नियर कॅलिपर नसेल तर आधी तो मिळवा. माशीच्या कडेपासून तिच्या बैठकीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि वहीत लिहा. बऱ्याच रायफलींवर माशी आणि बैठक यांच्यावर एकत्र मारलेली छिन्नीची बारीक रेघ असते. शस्त्रागाराने झिरो केल्यावर मारलेली ती खूण. तिला घासून काढू नका. पुढे सगळं बिघडलं तर परत तिथे जाता येतं. रेघ नसेल तर बारीक मार्करने स्वतःची रेघ ओढा.

खाचेत गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. साठ-सत्तर-शंभर वर्षं न हललेला तुकडा पहिल्या ठोक्याला हलेल ही अपेक्षा धरू नका. दुसऱ्या दिवशी माशीजवळची नळी व्हाइसच्या मऊ जबड्यांत, लाकडाच्या किंवा चामड्याच्या तुकड्यात धरा. आधार माशीच्या अगदी लगत हवा. नळी अधांतरी ठेवून ठोकलं तर ठोक्याचा जोर माशीऐवजी नळीला मिळतो.

शक्य असेल तर स्क्रूने दाबणारं माशी सरकवायचं साधन वापरा. ते मिलिमीटरच्या दशांशानेसुद्धा सरकवता येतं आणि वण राहत नाही. एसकेएससाठी दाबणं आणि आटे फिरवणं दोन्ही करणारं एकच साधन मिळतं. ठोकणारच असाल तर पितळी पंच आणि छोटी हातोडी. पंच माशीच्या तळाशी, खाचेच्या अगदी वर टेकवा, वरच्या पात्यावर नाही. हलके, सारखे ठोके. दर दोन ठोक्यांनी माप. पोलादी पंच वापरला तर माशीवर चमकती जखम होते आणि ती उन्हात डोळ्यात जाते.

माशी अजिबात हलत नसेल तर हातोडी मोठी करू नका. एखादी बारीक पिन किंवा छिन्नीचा दाब तिला अडवत असेल, ते भिंगाने पाहा. मग पुन्हा तेल, पुन्हा रात्र.

सरकवल्यावर लगेच एक ग्रुप. हिशेब बरोबर असेल तर ग्रुप पूर्ण नाही तरी तीन-चतुर्थांश वाट चालून आलेला असेल. उरलेली चूक पुन्हा मोजा, पुन्हा गणित करा. आधी डावी-उजवी पूर्ण संपवा, मग उंची. दोन्ही एकदम सरकवलं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

उंची, खरी डोकेदुखी

ग्रुप खाली लागत असेल तर आनंद माना. मागची घसरपट्टी १०० वरून २०० वर न्या आणि पाहा. पुष्कळ लोक हे न करता थेट कानस उचलतात. पट्टीवरचा आकडा हा सल्ला आहे. तुमच्या गोळीला २०० चा आकडा १०० मीटरला लागू पडत असेल तर तोच तुमचा १००.

ग्रुप वर लागत असेल आणि पट्टी आधीच तळाला असेल, तर माशी उंच करण्याशिवाय गत्यंतर नाही. किंवा खाली शिस्त धरायची. दुसरा उपाय ऐकायला आळशी वाटतो, पण चूक वर्तुळाच्या अर्ध्या व्यासाएवढीच असेल तर वर्तुळाच्या बुडाशी शिस्त घेतली की गोळी मध्यात जाते, आणि रायफलीला कणभरही हात लागत नाही. जुन्या, सगळ्या भागांवरचे क्रमांक जुळणाऱ्या रायफलीवर मी हाच मार्ग घेतो.

मोसिनसाठी एक जुगाड सर्वश्रुत आहे. विजेच्या तारेच्या प्लॅस्टिक आवरणाचा, माशीच्या खुंटीवर घट्ट बसेल असा तुकडा कापायचा आणि टोपीसारखा चढवायचा. हवा त्यापेक्षा थोडा उंच कापा, मग ब्लेडने कणाकणाने छाटत ग्रुप वर आणत जा. बिघडलं तर नवा तुकडा. दिसायला ओबडधोबड, पण कायमचं काही बदलत नाही आणि नेमकी किती उंची हवी तेही सापडतं. ती उंची सापडली की जाणकाराकडून तेवढीच उंच माशी बनवून घेता येते. मूळ माशी डबीत, नाव लिहून.

ली-एनफील्डला कारखान्यातच वेगवेगळ्या उंचीची पाती होती, पायरी ०.०१५ इंचाची, म्हणजे ०.३८ मिमी. नंबर ४ वर दोन साइट्समधलं अंतर मोठं असल्याने एक पायरी १०० मीटरवर साधारण ५ सेंमी पडते. तेव्हा कानस नको, पातं बदला. एसकेएसवर माशी बाहेर काढत वर आणली की ग्रुप खाली येतो. एका पूर्ण फेऱ्यात माशी किती उचलली ते कॅलिपरने मोजून घ्या, मग पाव फेऱ्याचा हिशेब घरबसल्या करता येतो.

कानस फक्त एका प्रसंगी. ग्रुप खाली आहे, मागची पट्टी वर करूनही भागत नाही, आणि माशी बाजारातून आणलेली, जास्तच उंच, बदलता येण्याजोगी आहे. तेव्हासुद्धा बारीक कानस, दोन घासे, एक ग्रुप. कड चौरस राहू द्या. तिरकी कड वेगवेगळ्या प्रकाशात वेगवेगळी उंची दाखवते.

संगीन

सोव्हिएत पद्धतीत मोसिन ९१/३० संगीन चढवून झिरो केली जात असे, आणि बाजूला दुमडणाऱ्या संगिनीची एम-४४ कार्बाइन संगीन उघडून. नळीच्या टोकाला लटकलेलं ते वजन नळीचं कंपन बदलतं. संगीन काढली की ग्रुप सरकतो. किती आणि कुठे हे प्रत्येक रायफलीचं वेगळं. त्यामुळे तुमच्या मोसिनची माशी छिन्नीच्या रेघेवर अचूक बसलेली असूनही ग्रुप बाजूला असेल तर ती खोटं बोलत नाही, ती फक्त संगिनीविना चालवली जातेय. रेंजच्या नियमात बसत असेल तर एकदा संगिनीसह ग्रुप मारून पाहा. पण झिरो त्याच अवस्थेत करा ज्या अवस्थेत रोज चालवणार आहात.

डोळ्याला फसवणाऱ्या गोष्टी

ऊन एका बाजूने असलं की माशीची तीच कड चमकते आणि डोळा चमकत्या भागालाच माशी समजतो. ग्रुप त्यामुळे बाजूला जातो आणि ढग आल्यावर परत येतो. उपाय जुना आहे. रिकाम्या, बोल्ट काढलेल्या रायफलीची माशी मेणबत्तीच्या धुरावर धरून काजळी धरवायची, किंवा काळा मार्कर. प्लॅस्टिकची टोपी चढवली असेल तर अर्थात मार्करच. झिरो करण्याचा दिवस निवडता येत असेल तर सपाट, ढगाळ उजेडाचा निवडा.

रायफल तिरकी धरणं हा दुसरा फसवा दोष. बाजूला कललेली रायफल कललेल्या बाजूला आणि किंचित खाली मारते, आणि माणसाला आपण कललोय हे कळत नाही. सोबत्याला मागून पाहायला सांगा. चष्मा वापरत असाल तर वाचनाचा की दूरचा, कुठल्या चष्म्याने माशी स्वच्छ दिसते हे घरी, रिकाम्या रायफलीवर ठरवून जा.

झिरो झाल्यावर

ग्रुप जागेवर आला की त्याच दिवशी समाधान मानू नका. दुसऱ्या दिवशी, थंड नळीने, पाच गोळ्या. मध्य तिथेच असेल तर माशी आणि बैठक यांच्यावर नवी बारीक रेघ ओढा. एनफील्डचा आडवा स्क्रू घट्ट करा, माऊझरचं टोपण परत बसवा आणि टोपण लावल्यावर उजेड बदलतो म्हणून अजून एक ग्रुप मारा.

जुनी लष्करी काडतुसं वापरली असतील तर घरी नेण्याआधी नळीत गरम पाणी सोडा. त्यांच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीतल्या (प्रायमरमधल्या) रसायनाचं मीठ नळीत उरतं, हवेतली ओल शोषतं आणि गंज चढवतं. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. मग कोरड्या चिंध्या, मग तेल. बोल्टचं तोंड विसरू नका.

आणि वहीत एक ओळ: तारीख, काडतूस आणि गोळीचं वजन, अंतर, पट्टीवरचा आकडा, शिस्त बुडाशी की मध्यावर, संगीन आहे की नाही, माशीचं बैठकीच्या कडेपासून मोजलेलं अंतर. पुढच्या वर्षी ग्रुप कुठे भरकटला तर आधी ही ओळ काढा, कॅलिपर लावा. माप तेच असेल तर माशी हललेली नाही, स्क्रू तपासा.